डिमेन्शियाच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी शनिवारचा वर्ग: अभिप्राय

आमच्या हिला अल्झायमर आहे, म्हणजे डिमेन्शियाचाच (स्मृतिभ्रंशाचा) एक प्रकार. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, ‘आजार वाढत जाणार’ म्हणाले आणि पुढचा नंबर आत घेतला. वाढत जाणार म्हणजे नक्की काय, ते मला एका धर्मादाय रुग्णालयाच्या या वर्गात कळलं. फी नाममात्र, नोट्स मराठीत.

शिकवायला ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रुग्णाला रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या) बाई आहेत. त्यांनी फळ्यावर सात पायऱ्या काढल्या. चौथीत पैशांचे व्यवहार सुटतात. पाचवीत हवेप्रमाणे कपडे निवडता येत नाहीत (ही मे महिन्यात स्वेटर घालून बसते, म्हणजे आम्ही तिथे). सहावीत आधी कपडे घालणं जातं, मग आंघोळ, मग संडासातली स्वच्छता, मग लघवीवरचा ताबा, शेवटी शौचावरचा. सातवीत बोलणं आणि चालणं.

मी बँकेतला माणूस, मुदत विचारल्याशिवाय राहवत नाही. बाई म्हणाल्या, “काका, वर्षं नाही सांगता येत. क्रम लक्षात ठेवा. स्वतः नीट कपडे घालणारं माणूस एकदम अंथरूण ओलं करायला लागलं, तर आजार वाढला म्हणून गप्प बसू नका. लघवीची तपासणी करा.” चार दिवसांत अचानक बिघाड झाला, तर जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ किंवा नवी गोळी, असं काहीतरी असू शकतं आणि त्यावर उपाय असतो. एवढ्यासाठीसुद्धा फी वसूल आहे.

गिळण्याबद्दलही छान सांगितलं. ठसका लागायला लागला की पातळ आमटी-भात बंद. मऊ भात, घट्ट वरण, ताठ बसवून, छोटे घास.

मुखत्यारपत्राचा विषय मात्र शेवटच्या शनिवारी ठेवलाय, तो पहिल्याच दिवशी हवा. लोकांना वाटतं कागद केला की निर्धास्त. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, करून देणाऱ्याची समज गेली की ते मुखत्यारपत्रच संपतं. पुढे पालक नेमून घ्यायला कोर्ट. मृत्युपत्र, खात्यांची नावं, नॉमिनी हे सगळं सही समजून करता येते तोवरच उरकायला हवं. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांना हे ऐकून घाम फुटला.

त्यांच्या वडिलांना मेंदूतल्या रक्तवाहिन्यांमुळे आलेला डिमेन्शिया आहे. त्यात वरचा क्रम तसाच लागू होत नाही, काही दिवस स्थिर आणि मग एकदम खाली असंही होतं. त्यावर वर्गात जेमतेम दहा मिनिटं बोलणं झालं.

आणि वर्गाची वेळ चार ते सहा कुणी ठरवली? दिवस कलला की ही ‘घरी चला’ म्हणत दाराशी उभी राहते. बहुतेक घरांत हेच. मेहुणी येऊन बसली म्हणून मला जमलं. ज्यांच्याकडे कुणी नाही त्यांनी काय करायचं? सकाळी ठेवा, नाहीतर रुग्णांना बसवायला शेजारची खोली द्या.

तरी जा, आणि निदान झाल्या झाल्या जा. आमचे चिरंजीव फोनवर ‘आई बरी वाटतेय की’ म्हणतात, त्यांची पुढच्या तुकडीची फी मी भरून टाकली आहे.