४७ व्या वर्षी परत ज्युदो: गंगापूर रोडच्या ह्या क्लासचा माझा वर्षभराचा अनुभव

आधीच सांगते, मुलांना क्लासला घालायचंय म्हणून वाचत असाल तर मुलांच्या बॅचबद्दल बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय, ते वाचा. मी लिहितेय ते अशांसाठी ज्यांनी शाळा-कॉलेजात ज्युदो, कुस्ती, बॉक्सिंग असं काहीतरी जीव लावून खेळलं, मग नोकरी, लग्न, मुलं ह्यात ते सुटलं आणि आता पंचेचाळिशी-पन्नाशीला परत खेळावंसं वाटतंय. नुसतं वजन कमी करायला नाही, फाईट खेळायला.

माझी शेवटची फाईट १९९७ ची, एफवायला होते, ५६ किलोखालचा गट. तेव्हा काथ्याच्या गाद्या टाकून वर ताडपत्री ताणायची आणि त्यावर प्रॅक्टिस, ताडपत्रीला सुरकुती पडली की पायाचं बोट हमखास अडकायचं. पुढे सुटलं ते सुटलंच. मागच्या वर्षी मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि संध्याकाळी घरात नुसती शांतता, तेव्हा कपाटातून ज्युदोचा जुना ड्रेस काढला, कॉलर पिवळी पडलेली, आणि तो हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते.

नाशिकमध्ये ह्या वयात काही सुरू करायचं म्हटलं की लोक सायकल नाहीतर मॅरेथॉन सुचवतात. चांगलंच आहे ते, आपल्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ ला दोघांच्या टीमने रेस अॅक्रॉस अमेरिका ही सायकल रेस पूर्ण केली त्याचा मलाही अभिमान आहे, गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर मीही रोज चालत होते. पण चालताना समोर कोणी नसतं ना. कोणीतरी तुमची कॉलर धरलीये, तुम्ही त्याची बाही धरलीये आणि पुढच्या सेकंदाला काय होणार ते दोघांनाही माहीत नाही, हे ज्याने एकदा अनुभवलंय त्याला बाकी कशाने तेवढं समाधान मिळत नाही. मला तरी नाही मिळालं.

इथे यायच्या आधी शहरातल्या दुसऱ्या एका ठिकाणी चौकशी केली होती. नाव लिहीत नाही. तिथे मला सांगितलं की तुमच्यासाठी शनिवारची लेडीज सेल्फ डिफेन्सची बॅच आहे, फाईट वगैरे आता ह्या वयात कशाला. सेल्फ डिफेन्स वाईट नाही, पण मी ते विचारलंच नव्हतं. गाडीत येऊन बसले आणि रडू आलं.

इथे सरांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, तुमचा थ्रो कुठला होता?" बस्स. वय नाही, वजन नाही, मिस्टर काय करतात नाही. मी म्हटलं मोरोते गारी, म्हणजे खाली घुसून दोन्ही पाय उचलायचे, आपल्या कुस्तीतला दुहेरी पट म्हणा. सर दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग हळूच म्हणाले की ताई, तो आता चालत नाही, कंबरेखाली हात लावायलाच बंदी आहे. २०१० ला त्यावर निर्बंध आले, २०१३ ला पूर्ण बंद.

मला काहीच माहीत नव्हतं हो. माझा सगळा खेळ त्या एका थ्रोवर उभा होता. आणि बदललेलं एवढंच नाही, माझा ५६ किलोचा गटच आता अस्तित्वात नाही, तो १९९८ पासून ५७ झाला. कोका नावाचा सगळ्यात छोटा पॉइंट होता तो गेला, त्याच्या वरचा युको नावाचा पॉइंट मधली काही वर्षं बंद होता आणि २०२५ पासून परत आला. खाली दाबून धरायला आमच्या वेळी पूर्ण ३० सेकंद लागायची, आता २० ला इप्पोन, म्हणजे पूर्ण पॉइंट, फाईट तिथेच संपते. हे सगळं सरांनी पहिल्याच दिवशी वहीच्या कागदावर लिहून दिलं, तो कागद अजून माझ्या पर्समध्ये आहे.

आता शिकवण्याबद्दल, कारण ह्या क्लासची खरी किंमत इथे आहे. पहिले सहा आठवडे मला कोणाशी खेळू दिलं नाही. फक्त पडायचं. आधी उकिडवं बसून मागे, मग उभं राहून, मग बाजूला, मग पुढे कोलांटी घेऊन, आणि शेवटी जाड क्रॅश मॅटवर दुसऱ्याने टाकलेलं. हनुवटी छातीला चिकटलेली पाहिजे म्हणजे डोकं आपटत नाही, हात अंगापासून साधारण पंचेचाळीस अंशात पसरून अख्ख्या हाताने मॅटवर थाप मारायची, फक्त पंजाने नाही, म्हणजे धक्का सगळीकडे वाटला जातो, आणि पडताना श्वास सोडायचा. हे मला येत होतं, म्हणजे डोक्याला आठवत होतं, पण अंग वेगळंच करत होतं, पडताना हात मागे टेकवायला जात होता. आणि ह्या वयात मनगट मोडतं ते तसंच. सर प्रत्येक वेळी थांबवायचे, "हात मागे गेला, परत." एका संध्याकाळी मी मोजलं, साठ वेळा पडले होते. कंटाळा आला का? आला. पण सांगते, डिसेंबरात आमच्या सोसायटीच्या ओल्या जिन्यावर पाय सटकला तेव्हा हात मागे गेला नाही, हनुवटी आपोआप छातीला लागली आणि मी उठून कपडे झटकले. ज्युदो खेळा नाहीतर नका खेळू, चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक बाईने एवढं तरी शिकावं असं मला मनापासून वाटतं, पाळी जायच्या वयात हाडं ठिसूळ व्हायला लागतात हे आपल्याला कोणी वेळेवर सांगतच नाही. सरांनी आधी डॉक्टरचं पत्र मागितलं होतं, बीपी आणि बोन डेन्सिटी दोन्ही बघून घ्या म्हणाले, तेव्हा जास्तीचं वाटलं होतं, आता नाही वाटत.

मग नवीन थ्रो. सेओई नागे, म्हणजे पाठीवर घेऊन टाकायचा तो, मीच नको म्हटलं, गुडघ्यावर उतरून मारायचा तर डावा गुडघा ऐकत नाही. सरांनी महिनाभर माझं खेळणं बघितलं आणि ओउची गारी दिला. म्हणाले, तुम्हाला पुढे घुसायची सवय आहे ना, ती सोडू नका, घुसा तसंच, फक्त हात खाली न्यायच्या ऐवजी आतून पाय अडकवा. इतकं साधं वाक्य, पण २८ वर्षं अंगात बसलेली गोष्ट फेकून न देता त्यांनी तिलाच नवीन रस्ता काढून दिला, असा कोच मला पहिल्यांदा भेटला.

बॅचमध्ये एकोणीस-वीसच्या मुली जास्त. पहिल्या आठवड्यात काकू म्हणायच्या आणि हात राखून खेळायच्या, आता ताई म्हणतात आणि टाकतात व्यवस्थित. त्यातली एक सिडकोहून बसने येते, तिच्या ग्रिपला माझ्याकडे अजून उत्तर नाही. सुशीला देवी आणि तुलिका मान ह्या दोघींनी २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये सिल्वर आणलं, ह्या मुलींना त्या दोघींच्या फाईट सेकंदा-सेकंदाने पाठ आहेत. आमच्या वेळी मुलींचा ज्युदो ऑलिम्पिकमध्येच १९९२ ला आला होता, आम्हाला बघायला कोण होतं.

मी आठवड्यातून दोनच दिवस जाते, मंगळवार आणि शुक्रवार. तीन दिवस करून बघितलं, बोटांचे सांधे आणि मान भरून येत होती, सरांनीच कमी करायला लावलं. बोटांना टेप लावायला पण त्यांनीच शिकवलं.

आणि हो, स्पर्धा. व्हेटरन गट तिशीपासून सुरू होतो आणि पाच-पाच वर्षांचे टप्पे असतात, माझा ४५ ते ४९. फाईट तीन मिनिटांची. माझं वजन ६६, म्हणून ७० खालचा गट. मी म्हटलं ६३ करते, तरुणपणी उपाशी राहून, पाणी तोडून करायचो तसं, तर सर चिडले, पहिल्यांदाच चिडलेले बघितले, म्हणाले ह्या वयात पाणी तोडायचं नाव काढायचं नाही. गटात आम्ही दोघीच होतो, म्हणून तीनपैकी दोन जिंकायच्या. पहिली हरले, घुसताना उजवा हात जुन्या सवयीने तिच्या पायाकडे गेला, रेफ्रीने शिदो, म्हणजे पेनल्टी दिली, मी गोंधळले आणि तेवढ्यात तिने टाकलं. दुसरीत ओउची लागला. पूर्ण नाही लागला, युको मिळाला, पण ती खाली गेली आणि मी वर दाबून धरलं. रेफ्रीने इप्पोन म्हणून हात वर केला तरी मी धरूनच होते, कारण माझ्या डोक्यात ३० चा आकडा चालू होता. तिसरी हरले. दुसऱ्या दिवशी मान वळत नव्हती आणि मी ऑफिसात दिवसभर खूष होते.

आता कमी काय ते. मॅट चांगले आहेत पण खाली सरळ सिमेंटची फरशी आहे, पडताना जाणवतं, आणि खिडकीकडच्या दोन मॅटमध्ये फट पडते, मी दोनदा सांगितलंय. जानेवारीत मॅट बर्फासारखे गार असतात, वॉर्मअप दहा मिनिटांनी वाढवायला हवा, विशेषतः आमच्या वयाच्यांसाठी. लेडीज चेंजिंग रूम एकच आणि तिची कडी नीट लागत नाही, हे तातडीने बघा. पार्किंग नाही, आणि सध्या सिंहस्थाची कामं सगळीकडे चालू आहेत तेव्हा इंदिरानगर, नाशिकरोडकडून येणाऱ्यांनी अर्धा तास हातात ठेवून निघा, उशीर झाला तर सर वॉर्मअपशिवाय मॅटवर घेत नाहीत. फी महिना १२००, ड्रेस वेगळा. ड्रेस घेताना एक साईज मोठा घ्या, सुती असतो, दोन-तीन धुण्यात बाही वर जाते. बायकांनी आत पांढरा टीशर्ट घालायचा, रंगीत चालत नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या कडीचा कापला. संध्याकाळी सव्वासातची बॅच, पहिल्या दिवशी नुसतं बघायला गेलात तरी चालतं. खेळायचं असेल तर हातापायाची नखं कापून जा, सर दारातच बघतात.