चर्चच्या मागची भाजीची बाग, ठाणे – साडेचार स्टार, अर्धा का कापला तेही सांगते

ठाण्यात आमच्या इथल्या चर्चच्या मागे जी भाजीची बाग आहे तिच्याबद्दल कुणी काहीच लिहिलेलं दिसलं नाही म्हणून लिहितेय. चर्चची माणसं आणि आजूबाजूचे व्हॉलंटियर्स मिळून ती सांभाळतात आणि शनिवारी सकाळी गरजू घरांना ताजी भाजी फुकट देतात. जात-धर्म विचारत नाहीत, आधार कार्ड मागत नाहीत आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे घेणाऱ्यांचे फोटो काढत नाहीत!! ज्याला हवी त्याने यायचं, पिशवी पुढे करायची, बस.

भाजी एक नंबर. लाल माठ मुळासकट उपटत नाहीत, खाली दोन पेरं ठेवून वरचा शेंडा खुडतात म्हणजे तो परत फुटतो आणि एकाच वाफ्यातून दोन-तीनदा भाजी निघते. मग टबात बुडवून माती काढायची, पाणी निथळलं की केळीच्या सोपटाने जुड्या बांधायच्या, प्लॅस्टिक नाहीच. जांभळी नाक्याच्या मार्केटमध्येही माठ चांगला मिळतो पण सकाळी खुडलेला दुपारी कढईत गेला की नुसत्या लसूण-मिरचीवर काय लागतो, खाऊन बघा. फवारणीला फक्त निंबोळी अर्क, चवळीवर माव्याची कीड पडली तरी तोच.

खरी मेहनत पावसाळ्यात. आपल्याकडचा पाऊस म्हणजे सपाट वाफ्यातली पालेभाजी कुजलीच म्हणून समजा, म्हणून गादीवाफे, म्हणजे माती चढवून उंच केलेले वाफे, केलेत आणि मंडपावर शिराळी, पडवळ, काकडी चढवतात, कडेला अळू. त्यात त्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायी, एका रात्रीत रोपं साफ! कॉलेजची मुलं रात्री टॉर्च घेऊन हातमोजे घालून त्या वेचतात आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकतात, किळसवाणं काम आहे पण कुरकुर नाही. एक ईस्ट इंडियन (म्हणजे आपल्या मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिश्चन) आंटी आहेत त्यांना भाजीतलं सगळं कळतं, "अगं पानावर नको गं, मुळाशी घाल पाणी" असं नव्या मुलींना सांगत फिरत असतात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन लोकांचा आगेरा, म्हणजे सुगीचा सण असतो, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी आणतात, त्या दिवशी बागेतली भाजीपण ठेवतात आणि चर्चमधली प्रार्थना (मास) झाल्यावर ती सगळी वाटून टाकतात.

आता अर्धा स्टार. वाटपाची वेळ सकाळची, आणि ज्यांना भाजीची सगळ्यात जास्त गरज आहे त्या घरकाम करणाऱ्या बायका नेमक्या तेव्हा चार घरची भांडी घासत असतात. आमच्या मावशी दुपारी सुटून जातात तोवर देठं तेवढी उरलेली, मला फार वाईट वाटतं ते. संध्याकाळसाठी एक टोपली ओल्या गोणपाटाखाली बाजूला ठेवली तरी प्रश्न सुटेल. दुसरं म्हणजे नुसत्या भाजीने घर चालत नाही, डाळ-तांदूळपण लागतात, ते कधी असतात कधी नसतात.

मदत करायची असेल तर पैशांपेक्षा माणसं हवीत, विशेषतः मे महिन्यात, सगळे गावाला जातात आणि पाणी घालायला कुणी उरत नाही. घरचा ओला कचरा द्यायचा असेल तर शिजवलेलं अन्न नको, फक्त भाजीची सालं आणि निर्माल्यातली फुलं, दोरा काढून. संध्याकाळच्या टोपलीचं मी फादरना सांगितलंय, तुम्ही गेलात तर तुम्हीपण सांगा, चार जणांनी सांगितलं तर लवकर होईल.