रुटाइल क्वार्ट्झचं पेंडंट, खडा एक नंबर

फोटोपेक्षा प्रत्यक्षात कितीतरी भारी आहे हे! पारदर्शक क्वार्ट्झच्या आत रुटाइलच्या, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडच्या सोनेरी सुया, आणि एका कोपऱ्यात हेमटाइटचा, म्हणजे लोहखनिजाचा काळपट कण, त्याच्यावरूनच त्या सुया ताऱ्यासारख्या सहा दिशांना फुटल्यात, असे खडे ब्राझीलच्या बाहियातले फेमस आहेत. उन्हात जरा फिरवलं की एकेक सुई चमकते, नजर हटत नाही. लेन्सखाली बघून घ्या, गोल बुडबुडे दिसले तर काच असू शकते, याच्यात एकही नाही. कडकपणा मोह्स स्केलवर (खनिजांचा कडकपणा सांगणारी 1 ते 10 ची पट्टी) 7, त्यामुळे रोज घालायला चालतं, फक्त अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये (ध्वनिलहरींनी दागिने साफ करणारं मशीन) टाकू नका, कोमट साबणपाणी बास. साखळी मात्र फारच नाजूक दिलीये, ती बदलणार.