माणूस गेल्यानंतरचं सरकारी समुपदेशन: सहा महिन्यांच्या वापरानंतर

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, म्हणून त्याची ओळख करून देत बसत नाही. सहा महिने ही हेल्पलाइन आणि सरकारी रुग्णालयातली मानसिक आरोग्याची ओपीडी दोन्ही वापरल्यावर एक गोष्ट मात्र टोचत राहते: मृत्यू कसा झाला ते दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागणं.

कुठलीही हेल्पलाइन पाळ्यांवर चालते. सोमवारी रात्री ज्या ताईंनी ऐकून घेतलं, त्याच गुरुवारी दुपारी फोन उचलतील असं नसतं. अपघातात मुलगा गेलेल्या आईला तो रस्ता, तो निरोप, ते शवविच्छेदन पुन्हा डोळ्यांसमोर आणावं लागतं. बोलण्याचा अर्धा वेळ त्यातच सरतो आणि ज्यासाठी फोन केला ते राहूनच जातं.

यावर लागू पडलेला उपाय: वहीत चार ओळी लिहून ठेवायच्या. कोण गेलं, कधी, कशानं, मागच्या वेळी बोलणं कुठपर्यंत आलं होतं. फोन लागला की आधी त्या वाचायच्या आणि म्हणायचं, "घटना पुन्हा सांगायची नाही, आज झोपेबद्दल बोलायचंय." ऐकतात. भाषा निवडायला आकडा दाबावा लागतो. स्मार्टफोनवर कॉल लागताच आकडे दिसेनासे होतात आणि वयस्कर माणसं तिथेच अडकतात. कीपॅड कुठून उघडायचा ते त्यांना आधी दाखवून ठेवा.

ओपीडीत हा त्रास नसेल असं सुरुवातीला वाटलं होतं. तसं नाही. केसपेपरवर गोळीचं नाव उतरतं, बोलणं उतरत नाही. डॉक्टरांची खोली वेगळी, समुपदेशकांची वेगळी. "मला समुपदेशकांकडे पाठवा" असं तोंडानं म्हटलं नाही, तर पाच मिनिटांत चिठ्ठी घेऊन माणूस बाहेर. शोक हा आजार नाही. आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक वर्गीकरणातही लांबलेल्या शोकाचं निदान किमान सहा महिने उलटल्याशिवाय करत नाहीत. दुसऱ्याच आठवड्यात झोपेची गोळी हातात पडली, तर ती किती दिवस घ्यायची आणि कशी कमी करायची हे केसपेपरवरच लिहून घ्या. काही आठवडे घेतलेली गोळी मनानं एकदम बंद करू नका.

तिसऱ्या महिन्यानंतर मात्र मत बदललं. समुपदेशकांचं नाव आणि ते बसतात ते वार विचारून घेतले, पुढची तारीख त्यांच्याच वाराची मागितली, की सांगणं थांबतं आणि बोलणं पुढे सरकतं. हेल्पलाइनवर हे जमणं अवघड. रात्री दोनला छाती भरून येते तेव्हा फोन, लांबच्या वाटेसाठी ओपीडी, अशी वाटणी आता पटते. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत आणि एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. तरी दिवसाचा रोज बुडतोच, म्हणून तारीख बाजाराच्या दिवसाला जोडून घ्या.

तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. गरज लागते ती पाहुणे परतल्यावर, आणि पुढे पहिल्या दिवाळीला, वर्षश्राद्धाला. या दिवसांच्या आठवडाभर आधीची भेट आजच मागून ठेवा. सणाच्या सुट्टीत ओपीडी बंद असते, १४४१६ सुरू असतो.