ट्रेडमिल: मोटरवाली की मॅन्युअल?

मॅन्युअल स्वस्त, हलकी आणि विजेविना चालणारी; पण साध्या मॉडेलमध्ये पट्टा पायाने ढकलावा लागतो. त्यासाठी चढ कायम ठेवलेला असतो, म्हणून पोटऱ्या लवकर भरून येतात आणि दांडा धरून वाकून चालायची सवय लागते. गुडघेदुखी असेल तर नकोच. फायदा एकच मोठा: तुम्ही थांबलात की पट्टाही थांबतो.

मोटरवालीत तसं नाही. तोल गेला तरी पट्टा फिरतच राहतो, म्हणून सेफ्टी कीची (ओढली गेली की पट्टा थांबवणारी दोरीची चावी) क्लिप कपड्यांना लावायचीच. (बहुतेक घरांत ती हँडललाच लटकलेली दिसते!) सुरुवात कडेच्या न हलणाऱ्या पट्ट्यांवर उभं राहून, अगदी कमी वेगाने. मागे २ मीटर, बाजूंना अर्धा मीटर जागा मोकळी सोडा. भिंतीला पाठ लावून ठेवलेल्या यंत्रावर पडलेला माणूस पट्टा आणि भिंतीत अडकतो. अर्थिंग असलेला स्वतंत्र सॉकेट हवा, एक्स्टेन्शन बोर्ड नको. मोटरच्या 'पीक' (क्षणभराच्या कमाल) हॉर्सपॉवरचा आकडा सोडा, 'कंटिन्युअस' (सतत मिळणारी) विचारा.

देखभाल? पट्टा डावीकडे सरकला तर मागचा डावा बोल्ट पाव फेरा घड्याळाच्या दिशेने. पट्ट्याखाली फक्त सिलिकॉन तेल.

रोज अर्धा तास चालणाऱ्या किंवा पळणाऱ्याला मोटरवाली. गुडघे धड, बजेट कमी आणि दहा-पंधरा मिनिटंच चालायचं असेल, तर मॅन्युअल.