कॅन्यनमधल्या गाइडेड बॅकपॅकिंग सहली: पैसे नेमके कशाचे?

युटा आणि ॲरिझोनाच्या कॅन्यनमुलखात गाइडबरोबर, पाठीवर बिऱ्हाड घेऊन तीन ते पाच दिवस हिंडवून आणणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत. तीन दिवसांचे माणशी हजार डॉलरच्या पुढे सहज जातात, टिप वेगळी. जाहिराती सगळ्यांच्या एकसारख्या: लाल भिंती, वर आकाशाची निळी फट, खाली हसरा ग्रुप. फरक पडतो तो पाण्याच्या नियोजनात, परमिटमध्ये आणि ‘आज आत जायचं नाही’ हे म्हणण्याच्या गाइडच्या हिमतीत. म्हणून इथे एकेका कंपनीला नाही, तर तीन नेहमीच्या मार्गांवर ही सेवा कितपत पैसे वसूल करून देते ते तपासलं आहे.

सगळ्यात जास्त विकली जाते ती ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवरची (दक्षिणेकडच्या कड्यावरची) तीन दिवसांची सहल. साउथ कैबॅब ट्रेलने नदीपर्यंत उतरायचं, पहिला मुक्काम ब्राइट एंजल कॅम्पग्राउंडला, दुसरा हवासुपाय गार्डन्सला (२०२२ पर्यंत याचं नाव इंडियन गार्डन होतं) आणि तिसऱ्या दिवशी ब्राइट एंजल ट्रेलने वर. उतार सुमारे ११ किमीचा आणि जवळजवळ १,४५० मीटरचा, परतीची वाट सुमारे १५ किमी.

या मार्गावर वाट दाखवायला गाइड लागत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. वाट रुंद आहे, पाट्या आहेत, खेचरांची ये-जा आहे, खाली रेंजर आहेत. तुम्ही पैसे देता ते तंबू, स्लीपिंग बॅग, सॅक, स्टोव्ह, जेवण आणि परमिटची कटकट वाचवण्याचे. दरीत तंबू ठोकून एक रात्र काढायची तरी बॅककंट्री परमिट लागतं, आणि त्याची लॉटरी चार महिने आधी चालते. ज्यांच्याकडे सामानही आहे आणि परमिटही मिळालंय, त्यांना इथे गाइड परवडत नाही असं आमचं स्पष्ट मत.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी, कारण ही दरी फसवते. सह्याद्रीत गड चढताना दम लागला तर मागे फिरायचं, उतार आपल्या बाजूचा असतो. इथे दम लागतो तेव्हा सगळा चढ अजून पुढेच उरलेला असतो. उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरायचा, हा हिशेब चांगला गाइड पहिल्याच दिवशी सांगतो आणि वेग सगळ्यात मंद माणसाचा ठेवतो.

कंपनीची पारख करायची असेल तर उन्हाळ्यातलं वेळापत्रक मागवा. जून ते ऑगस्टमध्ये खालचं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि सकाळी १० ते दुपारी ४ चालू नका, असं पार्कच सांगतं. ‘आठला नाश्ता, नऊला प्रस्थान’ असं जूनच्या कार्यक्रमात छापलेलं दिसलं, की ती कंपनी यादीतून खोडावी. पहाटे साडेचार-पाचला चालायला लागणारी ठेवावी. साउथ कैबॅबवर वरपासून नदीपर्यंत पाण्याचा थेंब नाही, त्यामुळे निघताना माणशी तीन-चार लिटर भरूनच निघायचं. खाली दोन्ही मुक्कामांवर नळ आहेत, पण त्यांना पाणी पुरवणारी पाइपलाइन १९६० च्या दशकातली आहे आणि ती वारंवार फुटते. गाइडच्या सॅकमध्ये फिल्टर किंवा क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या आहेत का, हे विचारायला लाजू नये.

दुसरा मुद्दा मिठाचा. लोक उन्हाला घाबरून नुसतं पाणी ढोसत राहतात, घामातून मीठ जातच असतं, आणि रक्तातलं सोडियम खाली येतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळल्यासारखा वागतो. लक्षणं उष्णतेच्या त्रासासारखीच, म्हणून त्याला आणखी पाणी पाजलं जातं आणि प्रकरण जास्तच बिघडतं. दर तासाला थांबून खारं काहीतरी खायला लावणारा गाइड किरकिऱ्या वाटतो खरा, पण त्याला तेच काम नेमून दिलेलं असतं.

‘हलकी सॅक’ या शब्दांवर विसंबू नका. स्वतःचं सामान, तंबूचा वाटा, सामायिक जेवण-भांड्यांचे तीन ते पाच किलो आणि वर पाणी (लिटरला किलो) धरलं की आकडा १५ ते १७ किलोवर जातो. सामायिक ओझं माणशी किती, हे लेखी मागावं. बूट अर्धा नंबर मोठे घ्या, निघण्याआधी पायाची नखं कापा आणि उताराला नाड्या घोट्यापाशी घट्ट बांधा. नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात, आणि ती दुखायला लागतात नेमकी चढाच्या दिवशी.

ग्रँड कॅन्यनच्या या सहलीला सेवा म्हणून दहापैकी सहा. त्यातला एक गुण फक्त भाड्याच्या सामानाचा.

युटातल्या कायोटी गल्च या घळीत हिशेब पालटतो. एस्कलान्टे गावाहून होल-इन-द-रॉक रोडने जायचं, हरिकेन वॉश ट्रेलहेड (जिथून पायवाट सुरू होते ती जागा) सुमारे ५४ किमी आत, रस्ता जवळजवळ सगळा कच्चा. कोरडा असला तर गाडी पत्र्याच्या पन्हाळीवरून जावी तशी खडखडते, आणि पाऊस झाला की चिकणमातीत चाकं रुततात. भाड्याच्या गाडीचे करार बहुधा कच्चा रस्ता वगळतात, म्हणजे गाडी अडकली तर खर्च तुमचा. कंपनीची उंच गाडी हीच इथली अर्धी सेवा. पुढची वाट उथळ पाण्यातून आहे. चामड्याचे बूट नेऊ नका. पाणी पटकन निथळेल असे जाळीचे बूट घ्या, आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड फक्त तंबूसाठी राखून ठेवा. मोज्यात रेती गेली की तासाभरात फोड येतात, त्यामुळे मधूनमधून बूट काढून पाय धुवायला वेळ देणारा गाइड चांगला. काही सहली क्रॅक-इन-द-वॉलमधून वर निघतात. ती फट इतकी अरुंद आहे की सॅक पाठीवरून काढून दोराने वर ओढावी लागते. दोर कंपनीचा आहे ना, एवढं विचारून ठेवा.

शौचाचा विषय कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. कायोटी गल्चमध्ये खड्डा खणून पुरायला परवानगी नाही, विष्ठा पिशवीत भरून परत न्यावी लागते, आणि शेकोटीलाही बंदी आहे. माणशी रोज एक पिशवी आणि वर दोन जास्तीच्या, शिवाय त्या ठेवायला घट्ट झाकणाचा कडक डबा, एवढं कंपनीने द्यायलाच हवं. डबा नसेल तर पिशव्या सॅकमध्ये दाबल्या जातात. पुढचं सांगायला नको. या मार्गाला दहापैकी आठ.

बकस्किन गल्च आणि पारिया कॅन्यनमध्ये मात्र गाइडच्या पैशाचा खरा कस लागतो. बकस्किन ही २० किमीहून लांब चिंचोळी घळ. बाहेर पडायला मध्ये जवळपास एकच जागा, मिडल रूट, आणि तीही खडक चढून. पारियाशी होणाऱ्या संगमाजवळ पोचेपर्यंत मुक्कामाला जागा नाही. आतली डबकी भर उन्हाळ्यातही गारठलेली असतात, कारण तिथे ऊन पोचतच नाही. कमरेएवढ्या पाण्यातून तीन-चार वेळा गेलं की माणूस कुडकुडायला लागतो. गाइड कोरडे कपडे वॉटरप्रूफ पिशवीत बांधून घ्यायला लावतो की नाही, ते निघतानाच दिसतं. मुक्कामी जाणाऱ्यांना दिवसाला फक्त २० जणांची परवानगी, एका गटात जास्तीत जास्त दहा.

पारियाचं पाणी म्हणजे पातळ चिखल. ते थेट फिल्टरमध्ये घातलं तर दोन लिटरमध्येच फिल्टर तुंबतो. रीत अशी: घडीच्या बादलीत पाणी भरायचं, चिमूटभर तुरटी फिरवायची, गाळ बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी अलगद काढायचं आणि मगच गाळायचं किंवा गोळी टाकायची. तुरटीची युक्ती आपल्याकडे पाण्याच्या हंड्याला नवी नाही, तिथल्या नदीवरच्या जुन्या गाइडनाही ती ठाऊक आहे. पोकळ तंतूंचा फिल्टर थंडीत गोठला तर आतून फाटतो आणि बाहेरून काही कळत नाही, म्हणून रात्री तो स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपायचं.

पुराबद्दल. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले. पाऊस पडला होता तो वरच्या अंगाला, काही मैलांवर. सप्टेंबर २०१५ मध्ये युटातल्या झायन नॅशनल पार्कच्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जणांचा जीव गेला, आणि परमिट त्यांच्याकडे होतं. डोक्यावरचं आकाश निळं असणं याला इथे काहीच अर्थ नाही, पाणलोट क्षेत्रात काय चाललंय ते बघावं लागतं. बकस्किनमध्ये तर डोक्याच्या कितीतरी वर दोन भिंतींच्या मध्ये ओंडके अडकलेले दिसतात, पाणी कुठवर येतं ते तेच सांगतात. बुकिंगआधी तीन गोष्टी विचारा: आत जायचं की नाही हे त्या सकाळी कोण ठरवतं, गाइड की ऑफिस? ‘जायचं नाही’ असं ठरलं तर पर्यायी मार्ग कोणता? आणि पैशाचं काय? ‘तिथे गेल्यावर बघू’ या उत्तराला जुलै ते सप्टेंबरमध्ये एक डॉलरही देऊ नये. पर्यायी मार्ग आधीच ठरवून ठेवणारी कंपनी मिळाली तर इथे दहापैकी नऊ, नाहीतर शून्य.

कागदपत्रं पटकन तपासता येतात. नॅशनल पार्कमध्ये कंपनीकडे व्यावसायिक वापराचा परवाना हवा, बीएलएमच्या (केंद्र सरकारच्या जमीन-व्यवस्थापन खात्याच्या) जमिनीवर त्यांचं वेगळं परमिट. अँटिलोप नवाहो या मूलनिवासी जमातीच्या भूमीत आहे, तिथे गाइडशिवाय प्रवेशच नाही. गाइडचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण ‘वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर’ असावं, म्हणजे ७०-८० तासांचं. ‘वाइल्डरनेस फर्स्ट एड’ दोन दिवसांत, साधारण १६ तासांत उरकतं आणि नावं सारखी असल्याने खपून जातं. मोबाइलला रेंज नाही, सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र प्रत्येक गटात हवंच.

जेवणात ‘व्हेजिटेरियन’ लिहिलं तर अंडं चालतं असं धरलं जातं. अंडं नको असेल तर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर तीन दिवस टॉर्टिया आणि शेंगदाण्याच्या लोण्यावर निघतील.

राहता राहिलं घड्याळ. मार्च ते नोव्हेंबर युटाचं घड्याळ ॲरिझोनापेक्षा तासभर पुढे असतं, कारण युटा उन्हाळ्यापुरतं घड्याळ पुढे करतं, ॲरिझोना बदलत नाही. नवाहो भूमी मात्र ॲरिझोनात असूनही बदलते. राज्याच्या सीमेजवळ फोन कुठल्या टॉवरला चिकटेल त्याचा नेम नाही. पारियाची सुरुवात युटात आणि शेवट ॲरिझोनातल्या लीज फेरीला, त्यामुळे शटलच्या (दोन टोकांमध्ये ने-आण करणाऱ्या गाडीच्या) वेळेपुढे ‘युटा’ की ‘ॲरिझोना’ हे ईमेलमध्ये लिहून घ्या आणि फोनचं आपोआप वेळ बदलणं बंद करून ठेवा.