कार्ब क्लीनर स्प्रे: पाच वर्षं उभी स्कूटर आणि दीड डबा

कार्बोरेटर साफ करायच्या स्प्रेचा पहिला अर्धा डबा मी फुकट घालवला आणि तोही डब्यावरच्या सूचना नीट वाचून. म्हणून हे लिहायला बसलोय.

गाडी मेहुण्याची. बिनगिअरची, १२५ सीसी, कार्बोरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग असलेली. त्याने दुसरी घेतली तेव्हा हिला ताडपत्री घालून जिन्याखाली लावली, ती पाच वर्षं तिथेच. "दाजी, न्यायची तर न्या, नाहीतर भंगारवाल्याला सांगून ठेवलंय," म्हणाला. मी शिवणयंत्रं दुरुस्त करतो. तेल सुकून डिंकासारखं झालेले भाग, डोकं झिजलेले बारीक स्क्रू हे माझं रोजचंच काम. पण पेट्रोलवर चालणारं काही आयुष्यात उघडलं नव्हतं.

स्प्रेकडे वळायच्या आधी जे करावं लागलं ते भराभर सांगतो. मीटर लावला तर बॅटरी ८ व्होल्टच्या आसपास. १२ व्होल्टची बॅटरी इतकी खाली गेली की ती चार्ज करत बसण्यात अर्थ नसतो. काही गाड्यांत प्लगला करंटही बॅटरीवरूनच जातो, म्हणून नुसत्या किकवर भागवायचा विचार सोडला आणि नवी बसवली. प्लग काढून त्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडलं, रात्रभर ठेवलं आणि सकाळी प्लग न लावताच हाताने किक हळूहळू फिरवली. इतकी वर्षं कोरड्या पडलेल्या सिलिंडरला एकदम जोरात किक मारली तर पिस्टनच्या रिंगा घासतात. इंजिन मोकळं फिरलं. जुनं ऑइल काढून नवं भरलं. प्लग बाहेर इंजिनला टेकवून बघितला, ठिणगी निळी आणि ठसठशीत. म्हणजे अडचण पेट्रोलच्या बाजूला.

आता तो डबा. ब्रँडचं नाव देत नाही, कारण मी दोन वेगळे वापरले आणि आतल्या औषधात मला काही फरक दिसला नाही. फरक होता तो नळीत, त्याबद्दल पुढे. डब्यावर लिहिलंय, 'एअर फिल्टर काढा, इंजिन चालू ठेवा, कार्बोरेटरच्या तोंडात फवारा.' इंजिन चालू ठेवा! ते चालू असतं तर मी डबा कशाला आणला असता? तरी तोंडात फवारलं आणि किक मारली. फट्, फट्, फट्... तीन सेकंद चालली आणि बंद. मला वाटलं साफ व्हायला लागली. पुन्हा फवारलं, पुन्हा तीन सेकंद. असं करत अर्धा डबा संपला. तेव्हा डोक्यात उजेड पडला की गाडी पेट्रोलवर चालतच नाहीये, स्प्रेवर चालतेय. स्प्रे संपला की तीही थांबते.

खरं तर ही फार कामाची परीक्षा आहे. स्प्रेवर तीन सेकंद चालली म्हणजे करंट आहे, कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब आहे, फक्त पेट्रोल पोचत नाही. पण ते कळायला एक छोटा फवारा पुरतो. आणि फवारून झाल्यावर आपला चेहरा बाजूला घ्या, डबा लांब ठेवा. एकदा उलटा भडका कार्बोरेटरच्या तोंडातून बाहेर आला आणि माझ्या मनगटावरचे केस गेले.

एका मेकॅनिकला फोटो पाठवला. "अख्खा कार्ब बदला, साफ करून काही होत नाही," असं उत्तर आलं. हात न लावता रोग सांगणारे आमच्या धंद्यातही आहेत, त्यामुळे राग आला नाही. स्वतः उघडायचं मात्र त्या क्षणी ठरलं.

कार्बोरेटरखालच्या, पेट्रोल साठणाऱ्या वाटीचे स्क्रू सुटले आणि आधी वास आला. पेट्रोलचा नव्हे, जुन्या व्हार्निशच्या डब्याचा. तळाला हिरवट तपकिरी थर, नखाने खरवडला तर लाखेसारखा तुकडा निघाला. कडेला पांढरी भुकटी. पेट्रोल असंच पडून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि उरलेल्याचा असा डिंक होतो. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतली ओल ओढून घेतं आणि ॲल्युमिनियमला ही पांढरी बुरशी धरते.

जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी. मेन जेट काढून दिव्याकडे धरला, आरपार उजेड दिसला. शेजारचा छोटा पायलट जेट, ज्याला मेकॅनिक लोक स्लो जेट म्हणतात, तो धरला तर अंधार. त्याच्या कडेवर ३५ आकडा कोरलेला, म्हणजे भोक साधारण ०.३५ मिमी. सवयीने हात सुयांच्या डबीकडे गेला. माझ्याकडची सगळ्यांत बारीक मशीनची सुई ९ नंबरची, तिची जाडी ०.६५ मिमी. भोकाच्या जवळजवळ दुप्पट! शिवाय सुई पोलादी आणि जेट पितळी, घुसवली असती तर भोकच वाढलं असतं आणि मग मेकॅनिकचंच खरं झालं असतं.

इथे हा स्प्रे पैसे वसूल करतो. जेट उलटा धरला, नळी भोकाला टेकवली, एक छोटा फवारा. काही नाही, सगळं अंगठ्यावर उलटून आलं. पंधरा मिनिटं तसाच भिजत ठेवला. दुसरा फवारा, तेच. तिसऱ्या वेळी आधी मऊ वायरीतली तांब्याची एकच तार सुटी करून अलगद आत घातली, काढली आणि फवारलं. पलीकडून केसासारखी सरळ धार निघाली आणि समोरच्या वर्तमानपत्रावर काळा ठिपका पडला. दिव्याकडे धरला, तर टाचणीच्या टोकाएवढा उजेड. सुईत पहिल्या झटक्यात दोरा गेला की जे वाटतं, तेच.

जेटनंतर कार्बोरेटरच्या अंगातली भोकं. यात एक खोड आहे. एका भोकात फवारलं की ते कुठल्या भोकातून बाहेर येईल, सांगता येत नाही. माझ्या थेट चष्म्यावर आलं. जवळचं दिसत नाही म्हणून चष्मा लावलेला, म्हणून डोळा वाचला. तुमची नजर चांगली असेल तर गॉगल लावा. पण याच खोडीचा उपयोगही होतो. एकीकडून घातलेलं दुसरीकडून निघालं म्हणजे वाट मोकळी. हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्स्चरचा स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण आत बसायला किती फेरे लागतात ते मोजून लिहून ठेवा. माझे सव्वादोन भरले. हे लिहिलेलं नसतं तर नंतर गाडी स्लोवर टिकवताना माझे हाल झाले असते.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी, रबर. वाटीची रबरी सील मी तशीच राहू दिली आणि वरून फवारत बसलो. ती फुगून एवढी लांब झाली की खाचेत बसेचना. स्क्रूखालची चिमुकली ओ-रिंगही तशीच गेली. डायफ्राम, म्हणजे आतला पातळ रबरी पडदा, मात्र आधीच काढून ठेवला होता, तो फुगला असता तर सगळंच मुसळ केरात. रबरापासून जपा, हे डब्यावर आहे, पण मुंगीएवढ्या अक्षरात आणि तेही मागच्या बाजूला. समोर मोठ्या अक्षरात काय, तर 'उघडण्याची गरज नाही'. सील आणि ओ-रिंगचा नवा संच आणावा लागला. दुसरी तक्रार, थेंब पॅनेलवर पडले तिथला रंग फिका पडला. खाली जुनी चादर घाला.

तिसरी तक्रार नळीची. पहिल्या डब्याची लाल नळी टोपणाला चिकटपट्टीने लावलेली होती. दाब दिला की नळी बाणासारखी सुटते. दोनदा शोधली, तिसऱ्यांदा ती कपाटामागे गेली ती गेलीच. दुसऱ्या डब्याची नळी तोंडालाच बिजागरीने जोडलेली होती, उघडायची आणि मिटायची. घेताना एवढंच बघा. आणि सलग दाबत राहू नका, डबा बर्फासारखा गार पडतो आणि जोर निघून जातो. थांबत थांबत मारला तर बराच पुरतो. खिडक्या उघड्या हव्यात, वास डोक्यात जातो, आणि जवळपास कुठलीही आग नको.

धंद्याची सवय म्हणून एका जुन्या शिवणयंत्राच्या शटलवरही मारून बघितला. सुकलेलं तेल क्षणात गेलं. पण त्याबरोबर सगळंच तेल गेलं, लोखंड कोरडं ठणठणीत. लगेच तेल दिलं नसतं तर गंज धरला असता. यंत्राच्या अंगावरच्या सोनेरी वेलबुट्टीजवळ तर हा स्प्रे नेऊच नका. हे वंगण नव्हे. कुलपात किंवा ब्रेकच्या केबलमध्ये मारून 'मऊ झालं' म्हणणारे दोन दिवसांनी परत येतात.

कार्बोरेटर बसवला, टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, भेगा पडलेला पाइप बदलून मध्ये छोटा फिल्टर टाकला. या गाडीचा पेट्रोलचा कॉक इंजिनच्या ओढीवर उघडतो, त्यामुळे वाटी भरेपर्यंत बराच वेळ किक माराव्या लागतात. दहा-बारा किकनंतर माझा धीर सुटत आला होता. मग पकडलं. आधी पांढरा धूर, तो मीच घातलेल्या ऑइलचा, पाच मिनिटांत विरला. रेस सोडली आणि श्वास धरून उभा राहिलो. खाली आली, जरा डगमगली, टिकली.

इंजेक्शनवाल्या नव्या गाडीला कार्बोरेटरच नसतो, तिच्यासाठी हा डबा आणू नका. रोज चालणाऱ्या गाडीला वरून फवारलं तर कदाचित थोडा फरक पडत असेल, मला तसा अनुभव नाही. वर्षानुवर्षं उभ्या गाडीसाठी मात्र नक्की घ्या, पण सोबत स्क्रूड्रायव्हर आणि नवा सील-संच घेऊनच. पाचपैकी चार. एक कापला तो समोरच्या मोठ्या अक्षरांचा.

गाडी अजून स्टँडवरच आहे. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचले, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, आणि ते वर्ष मेहुण्याच्या लग्नाआधीचं निघालं. टायर येईपर्यंत ती रोज संध्याकाळी दहा मिनिटं जागच्या जागी चालते.